पडद्याचं कापड कमी पडलं, या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही एक तारा देऊन लिहिलं आहे की बाल्कनीच्या दारासाठी आमच्या कापड पेठेतल्या दुकानातून १०.७५ मीटर फुलांचं कापड आणि सुती अस्तर नेलंत. घरी फुलं जुळवून कापल्यावर चारऐवजी तीनच पट्टे निघाले, मधले २१-२१ इंचांचे दोन तुकडे वाया गेले आणि शेवटी साडेपाच फूट उरलं. बारा दिवसांनी आणखी ३ मीटर घेतलंत, तर तो रंग पिवळसर निघाला. "मापात मारलं आणि हिशोबही चुकीचा सांगितला", असं तुमचं म्हणणं.

हिशोब चुकला, आणि तो आमच्याकडून चुकला. मापाबद्दल मात्र तुमचेच आकडे जोडून बघा. १०५ इंचांचे तीन पट्टे म्हणजे ३१५, दोन तुकड्यांचे ४२ आणि उरलेले ६६. एकूण ४२३ इंच, म्हणजे पावणेअकरा मीटरला बरोबर. आमची मीटरपट्टी वैधमापन विभागाच्या शिक्क्याची आहे, ती काउंटरवरच असते, कधीही ताडून बघा.

आता चूक कुठे झाली ते. तुमची दांडी ८ फूट, तयार पडद्याची उंची ९२ इंच आणि कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ४८ इंच. ४८ पन्ह्याचा एक पट्टा दांडीच्या दोन फुटांना पुरतो, म्हणून चार पट्टे धरले. हे बरोबरच होतं. दोन्ही बाजूंच्या दुमडीत पट्ट्यामागे ३ इंच जातात, तरी चार पट्ट्यांचे १८० इंच राहतात. ९६ इंचांच्या दांडीवर ते पावणेदोनपटीपेक्षा थोडे जास्त होतात, आणि आयलेटच्या (दांडी ओवायच्या गोल कड्यांच्या) पडद्याला तेवढ्यात छान लाटा पडतात. उंचीतही गडबड नव्हती. वर ४ इंची आयलेट पट्टीसाठी ५ इंच, खाली ४ इंचांच्या दुहेरी दुमडीसाठी ८ इंच, असे १३ मिळवून १०५ इंच, म्हणजे २.६७ मीटर. चार पट्ट्यांचे १०.६८. आमच्या माणसाने १०.७५ फाडून दिलं.

साध्या रंगाचं कापड असतं तर इथे काम संपलं असतं. पण तुमच्या कापडावर मोठं फूल आहे आणि तेच फूल उभ्यात दर ६४ सेंटिमीटरला परत येतं. पडदे शेजारी शेजारी लावल्यावर सगळी फुलं एका रेषेत यायची, तर प्रत्येक पट्टा फुलाच्या त्याच जागेपासून सुरू करावा लागतो. पट्टे एकमेकांना जोडायचे नसले तरीही. म्हणून कापायच्या लांबीला ६४ ने भागायचं आणि उत्तर वरच्या पूर्ण आकड्यावर न्यायचं. १०५ इंच म्हणजे २६७ सेंटिमीटर. चार फुलं २५६ वर संपतात, ११ सेंटिमीटर कमी पडतात, म्हणून पाच फुलं धरायची, ३२० सेंटिमीटर. तीन पट्टे ३२० चे आणि शेवटचा २६७ चा, मिळून १२.२७ मीटर. थानाचं, म्हणजे कापडाच्या मूळ गठ्ठ्याचं, तोंड फुलाच्या मध्येच फाडलेलं असेल तर सुरुवातीला आणखी एक फूल वाया जाऊ शकतं, म्हणून १३ मीटर सांगायला हवं होतं. तुमचे ते २१ इंची तुकडे हेच आहेत. १०५ नंतर पुढचं फूल १२६ इंचांवर सुरू होतं, मधलं कापड सोडावंच लागतं. तुम्ही कापण्यात काहीही चुकलेलं नाही.

आमच्या मनाला जास्त लागलेली गोष्ट वेगळी आहे. दांडी दाराच्या चौकटीवर ८ इंच लावायची असं तुम्ही सांगितलं होतं. फुलाचं माप त्याच वेळी घेतलं असतं तर लगेच दिसलं असतं की दांडी सव्वाचार इंच खाली घेतली की कापायची लांबी पावणेएकशेएक इंच होते आणि चार फुलांत नेमकी बसते. चार पट्टे १०.२४ मीटरमध्ये निघाले असते. नेलेलं कापड पुरलं असतं, वर अर्धा मीटर उरलाही असता. हे आम्ही सांगायचं होतं, तुम्ही विचारायचं नव्हतं. यापुढे छापील पडद्याचं कापड फाडण्याआधी काठाशी टेप लावून एका फुलाच्या टोकापासून पुढच्या त्याच टोकापर्यंतचं अंतर मोजायचं आणि ते पावतीवर लिहायचं, असं काउंटरवर सगळ्यांना सांगितलं आहे.

पिवळसर रंगाचं कारण म्हणजे ते थान वेगळ्या रंगाईचं. एकच नंबर असला तरी दोन रंगायांत थोडा फरक येतो, आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो लपतो. खिडकीत शेजारी शेजारी टांगलं की लगेच दिसतो. पडद्याचं सगळं कापड एकाच थानातलं, एकाच वेळी घ्यायचं ते यासाठी. ते ३ मीटर परत आणा, कापलं असलं तरी पूर्ण पैसे मिळतील.

पहिल्या थानातलं कापड आता शिल्लक नाही. पण तुमचे तीन पट्टे अजून शिवले नसतील, तर त्यातूनच चांगला पडदा होतो. फुलांच्या पाकळीशी जुळणारं साधं कापड २.७५ मीटर आम्ही आमच्याकडून देतो. त्याचा १०५ इंचांचा एक पट्टा कापून उभा मधोमध चिरा, २४-२४ इंचांचे दोन भाग होतील. फुलांच्या एका पट्ट्यालाही तसंच चिरा. डाव्या पडद्यात भिंतीकडून आधी साधा अर्धा, मग पूर्ण फुलांचा, मग चिरलेल्या पट्ट्याचा डावा अर्धा. उजव्या पडद्यात मध्यापासून त्याच पट्ट्याचा उजवा अर्धा, मग पूर्ण फुलांचा, मग साधा. चिरलेले अर्धे आपसांत बदलू नका, नाहीतर काठावरचं डिझाइन शेजारच्या पट्ट्याशी जुळत नाही. पडदा मिटल्यावर ते मधोमध एकत्र येतात. जोड आणि दुमडी वजा जाता एकेक पडदा सुमारे ९१ इंच राहतो, म्हणजे लाटा आधी ठरवल्या होत्या तशाच. दोन्ही पडद्यांना आयलेट सम संख्येत लावा. विषम लावले तर एक कड भिंतीकडे आणि दुसरी खोलीत वळते.

त्या २१ इंची तुकड्यांतून १६ इंची उशीच्या अभ्र्याच्या दोन-दोन दर्शनी बाजू निघतात, ते टाकू नका.

आणि अस्तर अजून कापलं नसेल तर थांबा. ते सुती आहे, वरचं कापड पॉलिस्टर. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आटतं, म्हणजे ९२ इंचांत तीन-साडेचार इंच. पॉलिस्टर जवळजवळ आटत नाही. न भिजवता शिवलं तर पहिल्याच धुण्यानंतर अस्तर वरचं कापड ओढून धरतं आणि पडद्याला खाली चोळामोळा दिसतो. रात्रभर पाण्यात ठेवा, न पिळता सावलीत वाळवा, किंचित ओलं असतानाच इस्त्री करा आणि मग कापा. खालची दुमड वेगळी घाला, पडद्यापेक्षा एक इंच वर ठेवा आणि वरच्या कापडाला खालून शिवू नका. भिजवून अस्तर कमी पडलं तर तेवढंही आमच्याकडून.

येताना फुलांचा एक पट्टा आणि ते ३ मीटर घेऊन या. साध्या कापडाचा रंग दिवसाउजेडी, दुकानाबाहेर पायरीवर लावून बघू. दांडी अजून भिंतीला ठोकली नसेल तर तसंच राहू द्या, पडद्याची लांबी शिवून हातात आली की तिच्यावरून भोक पाडणं सोपं जातं.