खुलासा : डिझाइनवाले आणि कंपनीची वरची खुर्ची

बारावीचा निकाल लागल्यापासून रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘डिझाइन शिकलेला माणूस कंपनीचा प्रमुख होत नाही. ॲपलच्या जॉनी आइव्हलाही जमलं नाही.’

आयफोनचं डिझाइन करणारे आइव्ह सीईओ झाले नाहीत, एवढं खरं. पण २०१५ साली ते ॲपलचे चीफ डिझाइन ऑफिसर झाले, म्हणजे वरच्या फळीतच. आणि प्रवाशांना राहायला घरं-खोल्या मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी या ऑनलाइन कंपनीचे सीईओ ब्रायन चेस्की? त्यांची पदवीच इंडस्ट्रियल डिझाइनची. २०२० साली शेअर बाजारात उतरताना कंपनीने दिलेल्या कागदपत्रांत तसं नमूद आहे. अशी माणसं थोडी, हे मान्य. पण ‘होतच नाही’ हे चूक.

प्रवेशाचे दिवस आहेत. तो मेसेज कृपया पुढे ढकलू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.