चूक होणार हे धरून खणलेला बोगदा

प्राचीन विज्ञानाचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी लगेच ‘आधी कोणी शोधलं’ यावर जाते. मला तो प्रश्नच कोता वाटतो. हाती आलेल्या ज्ञानाचं त्या माणसांनी पुढे काय केलं, ते बघा ना! मी तर दर वेळी सामोस या ग्रीक बेटावरच्या युपालिनोसच्या बोगद्याबद्दल सांगत बसतो.

काळ इसवीसनपूर्व सहावं शतक. शहर डोंगराच्या एका बाजूला, झरा दुसऱ्या बाजूला. पाणी उघड्यावरून आणलं तर वेढा घालणारा शत्रू ते आधी तोडणार. म्हणून मेगाराच्या युपालिनोसने डोंगराच्या पोटातून बोगदा काढला. लांबी १०३६ मीटर, उंची आणि रुंदी साधारण १.८ मीटर. चुनखडीचा खडक, हातात छिन्नी-हातोडा. एवढ्याशा जागेत एका वेळी एक-दोघंच खणू शकतात, त्यामुळे काम दोन्ही टोकांनी सुरू केलं.

होकायंत्र नाही, समोरचं टोक दिसत नाही. त्यात उत्तरेकडच्या भागात खडक ठिसूळ लागला, तेव्हा ठरलेली रेघ सोडून त्रिकोणी वळसा घ्यावा लागला आणि पुन्हा मूळ दिशेवर यावं लागलं. भूमिती पक्की असल्याशिवाय हे जमत नाही.

पण मी भारावून जातो ते पुढच्या भागाने. आपल्या मापात थोडी चूक राहणारच, हे युपालिनोसने गृहीत धरलं होतं. दोन बोगदे एकमेकांना समांतर राहिले तर शेजारून निघून जातील आणि कधीच भेटणार नाहीत. म्हणून भेटीची जागा जवळ आल्यावर दिशा मुद्दाम वळवली, अशी की एक रेघ दुसरीला कुठेतरी छेदणारच. वर-खाली चूक झाली तरी चुकामूक होऊ नये म्हणून तिथे बोगद्याची उंचीही वाढवली. बोगदे भेटले! आपलं गणित कितपत चुकू शकतं हे ओळखून आधीच तजवीज करणं, याला मी विज्ञानाचा खरा वापर म्हणतो.

बोगदा जवळजवळ सपाट ठेवला, कारण सपाटी तपासणं सोपं. पाण्याला लागणारा उतार शेजारच्या वेगळ्या चरात दिला: उत्तर टोकाला सुमारे ४ मीटर खोल, दक्षिणेला ८ मीटरहून जास्त. त्यात भाजलेल्या मातीचे पाईप. हे पाणी पुढे हजारेक वर्षं चाललं.

हे किती अवघड होतं, ते साल्दायच्या बोगद्यावरून कळतं. हे ठिकाण आजच्या अल्जीरियात आहे. काळ इसवीसनाचं दुसरं शतक, म्हणजे जवळपास सातशे वर्षांनंतरचा, आणि पाठीशी रोमन साम्राज्य. तिथेही दोन टोकांनी खोदकाम केलं आणि दोन्ही तुकड्या एकमेकींना चुकल्या. खोदलेल्या दोन भागांची बेरीज डोंगराच्या रुंदीपेक्षा जास्त भरली! शेवटी नोनियस दातुस या मोजणीदाराला परत बोलावलं. वाटेत त्याला दरोडेखोरांनी लुटलं, तरी त्याने जाऊन काम मार्गी लावलं. ही सगळी हकीकत त्याच्या शिलालेखात कोरलेली आहे.

सामोसला मूळ दिशा कशी ठरवली यावर जाणकारांत अजून वाद आहे. काही म्हणतात डोंगरावरून काठ्या रोवत सरळ रेघ आखली. दुसरी रीत अलेक्झांड्रियाच्या हेरॉन या ग्रीक गणितज्ञाने काही शतकांनी लिहून ठेवली: डोंगराभोवती काटकोनात वळत वळत मोजत जायचं, पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण अंतरांची बेरीज-वजाबाकी करायची आणि त्यातून काटकोन त्रिकोण काढायचा. त्याच्या दोन बाजूंचं गुणोत्तर म्हणजेच बोगद्याची दिशा. तोच त्रिकोण छोट्या मापात तोंडाशी जमिनीवर आखला की कर्णाच्या रेघेत खणत जायचं.

आपल्या दहावीच्या भूमितीत समरूपता, म्हणजे आकार तोच पण माप लहान-मोठं, शिकवतात, आणि ही सगळी रीत तिच्यावरच उभी आहे. गणिताच्या शिक्षकांना माझी मनापासून विनंती आहे. तो धडा सुरू करताना प्रमेय नंतर सांगा. आधी फळ्यावर एक डोंगर काढा, दोन्ही बाजूंना एकेक खूण करा आणि मुलांना विचारा, कुठल्या दिशेने खणायचं?