‘अभयारण्य आलं की कोकणी माणूस संपला’ म्हणे!

गणपतीत वाडीच्या ग्रुपवर आलेला मेसेज अजून फिरतोच आहे. त्यात म्हटलंय: कोकणात अभयारण्य जाहीर झालं की स्वतःच्या बागेत जायला परवाना लागतो, मासेमारी बंद होते, घराची कौलं बदलता येत नाहीत आणि हत्ती तर वनखातंच आणून सोडतं. आमच्या काकांनी तो मला तीनदा पाठवला, तेव्हा आता उत्तर देणं आलं.

आधी परवाना. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम २७ वाचा. अभयारण्याच्या हद्दीत ज्याची स्थावर मालमत्ता आहे त्याला आत जायला परवाना लागत नाही, सार्वजनिक रस्त्याने जाणाऱ्यालाही लागत नाही. कर्नाळा पक्षी अभयारण्य १९६८ पासून आहे आणि मुंबई–गोवा महामार्ग त्यातूनच जातो. तिथे कधी अडकला असाल तर ते ट्रॅफिकमुळे, वनखात्यामुळे नव्हे. चराईचं मात्र वेगळं. राष्ट्रीय उद्यानात ती बंदच असते. अभयारण्यात जिल्हाधिकारी जुने हक्क चालू ठेवू शकतात. मेसेज लिहिणाऱ्याने राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांची मिसळ केली आहे.

मासेमारीबद्दल तर मालवणच्या माणसाने असा मेसेज पुढे ढकलावा, याचं नवल वाटतं. मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाचा भाग, जेमतेम ३.१८. त्या गाभ्यातच सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड येतात. किल्ल्यावर आजही माणसं राहतात, शिवराजेश्वराची पूजा होते, जेटीवरून होड्या भरभरून जातात. किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं पारंपरिक जाळं, ओढली जाते. समुद्राचा भाग अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या धंद्याचं हित जपण्याची तजवीज करावी, अशी अट पुढे कायद्यातच आली. १ जून ते ३१ जुलैची पावसाळी बंदी काही जण अभयारण्याच्या नावावर खपवतात; ती मासेमारी नियमन कायद्याखालची आहे आणि राज्याच्या अख्ख्या किनाऱ्याला लागू आहे. रापणकाराचं जाळं रिकामं का येतं, हे त्यालाच विचारा. तो यांत्रिक होड्यांतून मोठी जाळी टाकणाऱ्या पर्ससीनवाल्यांकडे बोट दाखवील.

एक मान्य करतो. मालवणात या अभयारण्याला सुरुवातीपासून विरोध झाला आणि तो उगाच नव्हता. हद्द कुठून कुठे आणि तिच्यात काय चालतं, हे घरोघरी जाऊन सांगायला हवं होतं. तसं न झाल्यावर अफवेला रान मोकळंच मिळतं.

कौलांची गोष्ट मुळात अभयारण्याची नाहीच. ती आली पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राबद्दलच्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेच्या मसुद्यातून, ज्याची सहावी आवृत्ती जुलै २०२४ मध्ये निघाली. त्यात बंदी आहे ती खाणी, दगड-वाळू उपसा, प्रदूषणकारी उद्योग आणि २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामांवर. राहत्या घराच्या दुरुस्तीला आणि वाढवण्याला मोकळीक असल्याचं त्यातच लिहिलंय. वीस हजार चौरस मीटरचं घर आपल्या वाडीत कुणाचं असेल तर त्याने जरूर काळजी करावी.

राहिले हत्ती. ते दोडामार्गात कर्नाटकातून आले २००२ च्या सुमारास. तिथलं तिळारी संवर्धन राखीव क्षेत्र, म्हणजे अभयारण्यासारखंच कायद्याने संरक्षित जंगल, झालं २०२० साली. म्हणजे हत्ती अठरा वर्षं आधी! त्यांनी माडांची आणि केळींची जी नासधूस केली तिच्या भरपाईसाठी भांडायलाच हवं, मीही येतो. पण भांडताना तारखा तरी उलट्या नकोत. शिवाय संवर्धन राखीव क्षेत्र कायद्याने फक्त सरकारी मालकीच्या जमिनीवर करता येतं. काका, तुमच्या काजूच्या बागेचा सर्व्हे नंबर तिळारीच्या अधिसूचनेत सापडला, तर सातबारासकट मला पाठवा. ग्रुपवर माफी मी मागतो.