आधी व्याकरण, मग तर्क
ख्रिस्ती ईश्वरविज्ञान (थिऑलॉजी) शिकवण्याच्या पेशावर तुम्ही छापलेल्या लेखात, हे शिकवणे म्हणजे वर्गात बसून प्रवचन देणे, असे गृहीत धरले आहे, ते मला पटत नाही. इंदुरात आमच्या शेजारी राहणारे, सेरामपूरच्या (महाराष्ट्रातले श्रीरामपूर नव्हे, बंगालमधले) १८१८ साली स्थापन झालेल्या महाविद्यालयाची पदवी घेतलेले एक शिक्षक बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानातील ‘प्रारंभी शब्द होता’ एवढ्या तीन शब्दांवर दोन-दोन तास बोलत, कारण मूळ ग्रीक ‘लोगोस’मध्ये शब्दाबरोबर विवेक आणि तर्कही येतो. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व ही मध्ययुगीन युरोपातील त्रयी ते त्याच क्रमाने शिकवीत. आमच्या संस्कृतच्या शास्त्रीबुवांनाही शब्दांची रूपे पाठ झाल्याखेरीज न्यायशास्त्राचे, म्हणजे तर्काच्या शास्त्राचे, नाव काढलेले खपत नसे. आमच्या त्या शेजारी शिक्षकांचा पगार मात्र बेताचाच असे, आणि या पेशाविषयी लिहिताना तेही सांगायला हवे होते.