त्याच्या गालांना हात लावू नका

आज बारशाच्या जेवणाला गेले आणि संतापून घरी आले. माझ्या भाच्याचे गाल ओढत एक काकू म्हणाल्या, "काय गुटगुटीत झालाय!" वहिनी नको नको म्हणत असताना त्याच्या पानात पापड वाढला. वर, "एका पापडानं काय होतंय?"

काकू, ते बाळसं नाही. सूज आहे आणि स्टेरॉइडचा परिणाम आहे. त्याला नेफ्रॉटिक सिंड्रोम आहे. मूत्रपिंडाची चाळणी सैल होते, प्रथिनं लघवीवाटे जातात, पाणी अंगात साठतं. सकाळी पापण्या इतक्या सुजतात की डोळे उघडत नाहीत. त्यात मीठ गेलं की आणखी पाणी. आणि सैंधव सुचवणाऱ्यांनो, तेही मीठच आहे हो!

प्रेडनिसोलोननं, म्हणजे त्याच्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी, भूक खवळते. मी मुक्कामाला होते तेव्हा रात्री दीडला पोर ओट्यापाशी उभं. "आई, एकच पोळी." जेवून फार वेळही झाला नव्हता. वहिनी ओरडली नाही. काकडी चिरली, बिनमिठाचं मुगाचं धिरडं घातलं, वर लिंबू पिळलं आणि तो खाईपर्यंत शेजारी बसली. "लहानपणी काय खायला घातलंस गं याला?" असं तिला विचारणाऱ्यांनी त्या ओट्यापाशी एक रात्र काढावी. खाण्यानं होत नाही हा आजार!

दादा रोज सकाळी लघवी परीक्षानळीत घेऊन सल्फोसॅलिसिलिक अ‍ॅसिडचे थेंब टाकतो. गढूळ झाली म्हणजे प्रथिनं जातायत, की घर गप्प. सलग तीन दिवस ३+, म्हणजे खूप प्रथिनं, आलं की आजार उलटला, गोळ्या पुन्हा वाढल्या. साध्या सर्दीनंसुद्धा उलटतो. सूज असते तोवर सगळं घर आळणी जेवतं. लोणच्याशिवाय घास न उतरणारी आमची आईसुद्धा. नातवाच्या ताटात वेगळं आणि आपल्या ताटात वेगळं, हे तिला चालत नाही.

मान्य आहे, काकूंनी प्रेमानंच वाढला पापड. पण नाही म्हणायची वेळ पुन्हा वहिनीवरच आली, आणि रात्री दीडला ओट्यापाशी "तेव्हा का नाही खाऊ दिलास?" हेही तिनंच ऐकायचं.

बहुतेक मुलं वयात येईपर्यंत यातून बाहेर पडतात. तोही पडेल.

रविवारी त्याचा वाढदिवस आहे, जरूर या. फरसाणाचे पुडे नकोत. सर्दी-खोकला असेल तर फोन करा. गालांबद्दल अवाक्षर नको. बुद्धिबळाचा पट मांडून बसलेला असेल, एक डाव खेळा त्याच्याशी.