आतली कडी कुणी लावायची?

2025 च्या जुलैत ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग सापडले. ते कुणाचे हे शोधण्यासाठी पाचवी ते दहावीच्या मुलींना एकत्र बोलावून काहींचे कपडे उतरवून तपासणी केल्याची तक्रार झाली आणि पोक्सो कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. इथे म्युनिकमध्ये आमच्या मराठी घरांतून तो विषय बरेच दिवस चघळला गेला. बहुतेकांचा राग विटाळाच्या समजुतींवर होता, आणि तो योग्यच होता. पण पाळीचा संबंध नसता, चोरीला गेलेली अंगठी शोधायची असती, तर अशी तपासणी चालली असती का? या प्रश्नावर आमच्यातले दोनतीन जण जरा घुटमळले. मोठ्या बाईंनी सांगितलं तर मुलींनी ऐकायचंच, इतकं ते आपल्या अंगवळणी पडलेलं आहे.

आपल्याकडे मुलांच्या अंगाची चर्चा कपड्यांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. तीन वर्षांचं पोर आंघोळीनंतर उघडं पळालं की सगळं घर टाळ्या पिटत ‘शेम शेम’ करतं. तीच मुलगी दहाची झाली की पाय जवळ घेऊन बस, पाहुणे आलेत, वरून काहीतरी घाल. म्हणजे लाज भरपूर शिकवली जाते. पण तीच मुलगी बाथरूमची कडी आतून लावायला लागली की घरात कुरबुर सुरू होते. ‘आईपासून कसली लपवाछपवी?’ मावशी हॉलमध्ये सगळ्यांसमोर तिचा फ्रॉक ओढून बदलते, काका गालगुच्चे घेतात, आणि ती आक्रसली की वर कौतुकाने, ‘लाजते बघा!’ तिने किती झाकावं हे सगळे जण सांगतात, पण तिला कुणी, कधी हात लावावा हे मात्र तिला कुणी विचारत नाही.

जर्मनीत पहिल्यांदा आलेल्या मराठी माणसाला नेमकं याच्या उलटं चित्र दिसतं आणि त्याची भंबेरी उडते. म्युनिकच्या मध्यात, इंग्लिशर गार्टनमध्ये, उन्हाळ्यात लोक काही न घालता पहुडलेले असतात आणि पलीकडून बाबागाड्या जात असतात. सौनामध्ये, म्हणजे घाम काढायच्या गरम खोलीत, स्त्रीपुरुष एकत्र, कपड्यांशिवाय बसतात. पोहण्याचा पोशाख घालून आत गेलात तर उलट तुम्हालाच बाहेर काढतील. आमच्याकडे पाहुणे म्हणून आलेले काका हे ऐकून म्हणाले, ‘या लोकांना काही लाजलज्जाच नाही.’ काकांचा तर्क सरळ होता : जिथे अंगावर कपडे नाहीत तिथे मर्यादाही नसणार.

पण याच देशात बालवाडीने मुलाचा साधा वाढदिवसाचा फोटो लावायचा म्हटलं तरी आईबापाची लेखी संमती लागते. बारा ते चौदा या वयात मुलांची एक ठरलेली आरोग्य तपासणी होते, तिला ‘योट-आइन्स’ म्हणतात. डॉक्टर लस, वजन, पाठीचा कणा वगैरे पाहतात, वाढत्या वयाबद्दल बोलतात, आणि मुलाची इच्छा असेल तर आईला बाहेर बसवतात. मीही बाहेर बसले. दार बंद झाल्यावर छातीत थोडं धस्स झालं, खोटं कशाला बोलू. पण आत काय बोलणं झालं ते मुलीने सांगावंसं वाटलं तेवढंच सांगितलं, आणि डॉक्टरांनीही माझ्या कानात काही कुजबुजलं नाही. घरोघरी आठ-नऊ वर्षांचं पोर एक दिवस अचानक दार लावून आंघोळ करायला लागतं आणि कालपर्यंत सगळ्यांसमोर तळ्यात नागडं डुंबणाऱ्या त्या पोराला कुणी ‘काय रे, मोठा झालास का’ म्हणून चिडवत नाही. दुसऱ्या दिवसापासून सगळे टकटक करतात, बस.

उलट बाजूनेही हेच लागू होतं. 2013 मध्ये फ्रँकफर्टच्या एका मुस्लीम विद्यार्थिनीचं प्रकरण लाइपझिगच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयात गेलं होतं. मुलामुलींच्या एकत्र पोहण्याच्या तासातून सूट द्या, असं तिचं म्हणणं. न्यायालयाने सूट नाकारली, पण बुर्किनी, म्हणजे अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख, घालून पोहता येईल असं सांगितलं. मला हा निकाल पुरता पटत नाही. ज्या मुलीला त्या पाण्यात उतरायचंच नाही तिला ढकलण्यात स्वातंत्र्य कुठलं? तरी ‘आमच्यासारखे कमी कपडे घाल’ असं तिला कुणी म्हटलं नाही, याची नोंद घ्यायला हवी.

आता इथल्या मोकळेपणाला डोक्यावर घेऊन नाचणाऱ्या आमच्याच काही मंडळींबद्दल. ओडेनवाल्डशूले नावाची एक नामांकित निवासी शाळा या देशात होती, पुरोगामी, मोकळी, शिक्षकांना नावाने हाक मारणारी, शिक्षक आणि मुलं कुटुंबासारखी एकत्र राहणारी. तिथे वर्षानुवर्षं मुलांचं लैंगिक शोषण होत होतं. 1999 मध्ये एका वर्तमानपत्राने छापलं तेव्हा देशाने कानाडोळा केला, 2010 मध्ये सगळं बाहेर आलं आणि 2015 मध्ये शाळा बंद पडली. मोकळेपणाच्या नावाखाली मुलांच्या खोलीचं दारच काढून टाकलं होतं म्हणा ना. तेव्हा उघडं अंग म्हणजे निरोगी समाज आणि झाकलेलं अंग म्हणजे मागास, हे गणित मला कुणी शिकवू नये.

शिवाय मर्यादा राखणं आपल्याला माहीतच नव्हतं असंही नाही. माझं लहानपण चाळीत गेलं. मुंबईच्या बीडीडी चाळींतली खोली 160 चौरस फुटांची असते, आमचीही तेवढीच. मोरीला पडदा, कपडे बदलायचे तर कपाटाचं दार उघडून त्याच्या आड, बाकीच्यांनी न सांगता भिंतीकडे तोंड फिरवायचं. आजोबा आत येण्याआधी उंबऱ्यावर खाकरायचे. ते खाकरणं म्हणजे दारावरची टकटकच होती, दार नसलेल्या घरातली. पण आजोबा खाकरायचे सुनांसाठी. नातवंडांसाठी कुणी खाकरल्याचं मला आठवत नाही. मुलांना अंग असतं, पण त्या अंगाला आडोसा लागतो, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. आज डोंबिवलीला वन बीएचके आलं, दारं आली, कड्या आल्या, आणि ‘आतून कडी लावू नकोस’ हे वाक्यही आलं. लहानग्यांच्या बाबतीत ते ठीक; पोर आत अडकतं. बारा वर्षांच्या मुलीला ते का सांगायचं?

केंद्राच्या महिला व बालविकास खात्याने 2007 मध्ये तेरा राज्यांतल्या बारा हजारांवर मुलांशी बोलून अहवाल काढला होता. त्यातल्या 53 टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचं लैंगिक शोषण सोसल्याचं सांगितलं, आणि करणाऱ्यांतले निम्मे ओळखीचे किंवा विश्वासातले होते. त्याच वर्षी शाळांतल्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमावर महाराष्ट्रासह काही राज्यांनी बंदी घातली; कारण संस्कृती. 2024 मध्ये बदलापूर घडलं तेव्हा पुन्हा ‘गुड टच, बॅड टच’ची शिबिरं सुरू झाली. शिबिरं हवीतच. पण शिबिरात ‘नको असलेल्या स्पर्शाला नाही म्हण’ ऐकून आलेली मुलगी घरी गालगुच्च्याला नाही म्हणते तेव्हा तिला उद्धट ठरवलं, तर शिबिराचा उपयोग शून्य. नाही म्हणायची सवय ओळखीच्या, प्रेमाच्या माणसांवरच लागते, कारण तिथे ते म्हणणं सगळ्यांत सोपं असायला हवं.

आणि हे सगळं मुलींपुरतंच बोलतो आपण. मुलगा उघडा फिरला तर काय बिघडतं, त्याला कसली लाज! गेल्या मे महिन्यात माझ्या भाच्याची मुंज नाशिकला झाली. तो स्टुटगार्टला वाढलेला, नऊ वर्षांचा. लंगोटी नेसून भरल्या कार्यालयात, अनोळखी दीडशे माणसांपुढे बसायचं आहे हे कळल्यावर त्याने साफ नकार दिला. रडारड नाही, आदळआपट नाही, फक्त ‘मला चालणार नाही’. मामा लोकांनी नेहमीप्रमाणे खो खो हसून घेतलं. एक जण म्हणाला, जर्मनीत नागडे पोहता आणि इथे लाजता? (पोरगा तिथेही आता पोशाखातच पोहतो, पण ते असो.) माझी वहिनी दोन्हीकडून कात्रीत सापडली होती. शेवटी गुरुजींनाच विचारलं. ते पासष्टीचे, शेंडी राखलेले. मला वाटलं आता व्याख्यान होणार. त्यांनी पळीपंचपात्रातून मान वर केली आणि म्हणाले, ‘वरून पंचा नेसवा की. विधीला काही अडत नाही. बटू मोकळ्या मनाने बसला पाहिजे.’ दोन मिनिटांत प्रश्न मिटला. फोटोवाल्याला मात्र, क्षौराच्या वेळी जवळून फोटो घेऊ नका, हे तीनदा सांगावं लागलं, आणि तिसऱ्यांदा ते भाच्यानेच सांगितलं.