खुर्चीवर कोण आणि खुर्ची कुणाखाली

२०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला, त्याच्या पुढच्या रविवारी दादाचा फोन आला. दादा एरवी पाऊस, धरणातलं पाणी आणि माझं कोलेस्टेरॉल एवढ्यावर फोन आटोपतो. त्या दिवशी मात्र स्वारी रंगात होती. "आता तरी ही पुढारी मंडळी हटतील बघ. कुस्तीला पुढारी, कबड्डीला पुढारी, क्रिकेटला तर रांगच लागलेली. नाहीतर तुमच्याकडे! साध्या युनिव्हर्सिटीतसुद्धा खेळ सांभाळायला स्वतंत्र पगारी माणूस. व्यावसायिक. राजकारणाचा संबंध नाही."

मी हो ला हो केलं आणि फोन ठेवला. पण ते वाक्य दिवसभर डोक्यात घोळत राहिलं. कारण मी सव्वीस वर्षं अमेरिकेतल्या ज्या गावात राहतो, त्या अ‍ॅन आर्बरमध्ये अशा पगारी माणसांची सव्वाशे वर्षांची परंपरा आहे आणि ती दादाला वाटते तितकी सोवळी नाही.

अ‍ॅन आर्बर म्हणजे मिशिगन विद्यापीठ आणि मिशिगन विद्यापीठ म्हणजे, निदान सप्टेंबर ते नोव्हेंबर, अमेरिकन फुटबॉल. स्टेडियम माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर. सामन्याच्या शनिवारी शेजारच्या आजी आपल्या हिरवळीवर पुठ्ठ्याची पाटी लावतात आणि खुर्ची टाकून बसतात. अकरा गाड्या मावतात. बारावी लावायची तर गुलाबाचं झुडूप वाचवून, आणि ते काम माझं. आजींचा नवरा विद्यापीठात शिकवायचा. आजींना विद्यापीठाचे अध्यक्ष ओळीने आठवत नाहीत, अ‍ॅथलेटिक डायरेक्टर आठवतात. इथे त्यांना सगळे 'ए.डी.' म्हणतात. आपल्या भाषेत क्रीडा संचालक, पण त्या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे कॉलेजातले जिमखान्याचे सर येतात. गळ्यात शिट्टी आणि कमरेला कॅरमच्या कपाटाची किल्ली. ए.डी.कडे कोट्यवधी डॉलरचा कारभार असतो. प्रशिक्षक नेमणं, काढणं, तिकिटांचे दर, टीव्हीचे करार, सगळं.

पहिले चार्ल्स बेअर्ड, १८९८ सालचे. त्यांचं मोठं काम म्हणजे १९०१ मध्ये फील्डिंग योस्ट यांना प्रशिक्षक म्हणून आणणं. योस्ट यांच्या पहिल्याच संघाने त्या मोसमात ५५० गुण केले आणि समोरच्यांना एकही करू दिला नाही. असा माणूस १९२१ मध्ये स्वतःच ए.डी. झाला आणि १९२७ मध्ये त्याने आजचं स्टेडियम उभं केलं. उभं केलं म्हणण्यापेक्षा खणलं. ते जमिनीत आहे. रस्त्यावरून गेलं तर एवढं मोठं काही आत असेल असं वाटत नाही. खाली झरे होते, खणताना एक क्रेन चिखलात रुतली आणि ती अजून तिथेच आहे, असं गावात सांगतात. पैसे कसे उभे केले ते मात्र ऐकीव नाही. पाचशे डॉलरचे तीन हजार रोखे काढले आणि जो रोखा घेईल त्याला मोसमाची तिकिटं विकत घ्यायचा हक्क दिला.

पण योस्ट यांना हे मनाला आलं म्हणून करता आलं नाही, हे दादाला सांगायला हवं होतं. आधी प्राध्यापकांची समिती बसली. विद्यार्थ्यांच्या व्यायामाचं काय, अभ्यासाचं काय, एवढ्या गर्दीने विद्यापीठाचं काय होणार, असे प्रश्न झाले, मग परवानगी मिळाली. योस्ट यांना समित्यांचा तिटकारा असावा. तरी थांबावं लागलं.

त्यांच्यानंतर फ्रिट्झ क्रिसलर. १९५६ मध्ये आसनं वाढवली तेव्हा क्षमता झाली १,०१,००१. वरचं ते एक आसन क्रिसलर यांच्या नावचं, पण ते नेमकं कुठलं, हे गुपित. तेव्हापासून स्टेडियम कितीही वाढलं-घटलं तरी आकड्याच्या शेवटी १ असतोच. आज १,०७,६०१. ही गोष्ट मी घरी सांगितली तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे अहेराच्या पाकिटासारखं." अगदी तसंच.

मग १९६८ ते १९८८ डॉन कॅनहॅम. हा तरुणपणी उंच उडीतला राष्ट्रीय विजेता, पुढे धावपटूंचा प्रशिक्षक आणि बाजूला क्रीडासाहित्याचा चालता धंदा. ते आले तेव्हा स्टेडियम अर्धंमुर्धं भरायचं. त्यांनी घरोघरी टपालाने रंगीत पत्रकं धाडली, सामना म्हणजे बायकामुलांसह करायची सहल आहे हे लोकांच्या गळी उतरवलं, 'एम'चं चिन्ह कपबशीपासून टोपीपर्यंत विकलं. ८ नोव्हेंबर १९७५ पासून इथल्या सामन्याला लाखाच्या खाली प्रेक्षक येईनासे झाले. करोनाच्या वर्षी सामने प्रेक्षकांविना झाले, ते सोडून. आज अमेरिकेतला प्रत्येक ए.डी. थोडाफार कॅनहॅम असतो.

त्याच कॅनहॅम यांनी मुलींच्या खेळांना समान वाटा द्यायला विरोध केला. १९७२ मध्ये 'टायटल नाइन' हा भेदभावविरोधी कायदा आला आणि फुटबॉलचा पैसा इतरत्र जाईल म्हणून ते त्याच्याशी झगडले. तरी १९७३-७४ मध्ये मुलींचे सहा संघ विद्यापीठाचे अधिकृत संघ झाले. ते झाले ते ए.डी.च्या दूरदृष्टीने नव्हे, तर वर कायदा होता आणि खाली अर्ज घेऊन हटून बसलेल्या विद्यार्थिनी होत्या म्हणून.

दादाच्या 'व्यावसायिक'मधली पहिली फट इथे दिसते. दुसरी जास्त खोल आहे. १९३४ मध्ये जॉर्जिया टेकचा संघ इथे खेळायला आला. समोर कृष्णवर्णीय खेळाडू असेल तर आम्ही उतरणार नाही, ही दक्षिणेतल्या संघांची तेव्हाची अट. विलिस वॉर्ड हा मिशिगनचा उत्तम खेळाडू. त्याला आपल्याच मैदानावर बाहेर बसवलं गेलं. विद्यार्थ्यांनी निषेध केला, सभा झाल्या, पण योस्ट हलले नाहीत. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड त्या संघात होते आणि वॉर्डचे मित्र होते. हे गावाला माहीत होतं, पण योस्ट यांचं नाव इमारतीवर होतं आणि तेच दिसायचं. ते नाव काढावं, अशी शिफारस विद्यापीठाच्याच इतिहास समितीने केली, २०२१ मध्ये. सत्त्याऐंशी वर्षांनी!

त्याच वर्षी दुसरा अहवाल आला, तो वाचताना मला दोनदा पाणी प्यायला उठावं लागलं. रॉबर्ट अँडरसन हा विद्यापीठाचा डॉक्टर, वर्षानुवर्षं खेळाडूंना तपासणारा. तपासणीच्या नावाखाली त्याने शेकडो तरुणांचं लैंगिक शोषण केलं. बो शेम्बेकलर हे फुटबॉलचे महान प्रशिक्षक, कॅनहॅम यांच्यानंतर दोन वर्षं ए.डी.ही होते. आम्ही हे बोंच्या कानावर घातलं होतं, असं त्यांच्या काही जुन्या खेळाडूंनी चौकशीत सांगितलं. बोंचे पाठीराखे ते मानत नाहीत. बोंचा पुतळा जागेवर आहे. २०२२ मध्ये विद्यापीठाने सुमारे १,०५० जणांना मिळून ४९ कोटी डॉलरची भरपाई कबूल केली. ज्या काळात ही खुर्ची सर्वांत भारदस्त होती, त्याच काळात तिच्याखालचं कुणी बघत नव्हतं.

आता दादाच्या आवडीचा प्रकार, कॉर्पोरेट माणूस. २०१० मध्ये डेव्ह ब्रँडन आले. बोंच्या हाताखाली खेळलेले, डॉमिनोज पिझ्झाचे माजी प्रमुख, शिवाय एके काळचे विद्यापीठाचे निवडून आलेले रीजंट, म्हणजे नियामक मंडळाचे सदस्य. माजी खेळाडू, व्यवस्थापक आणि राजकारणी, तिन्ही एकाच माणसात. आपल्याकडच्या चर्चेतले सगळे पक्ष त्यांच्यावर एकमताने शिक्का मारतील. त्यांनी रात्रीचे सामने सुरू केले, नवे संघ उभारले, पैसा आणला. आणि तिकिटं अशी महाग केली की विद्यार्थी गळायला लागले. २०१४ मध्ये दोन कोकच्या बाटल्यांबरोबर दोन तिकिटं द्यायची पाळी आली. आजी म्हणाल्या, "आमचं लग्न ठरलं त्या सामन्याचं तिकीट मी अजून जपून ठेवलंय. आता कोकवर फुकट!"

त्याच सप्टेंबरात डोक्याला मार लागून झोकांड्या खाणाऱ्या खेळाडूला मैदानावर ठेवलं गेलं, पुन्हा उतरवलं गेलं. लाखभर लोकांनी ते पाहिलं. ए.डी.च्या कार्यालयाचा खुलासा आला तो दोन दिवसांनी, मध्यरात्रीनंतर. संध्याकाळी विद्यार्थी चौकात जमले आणि चालत थेट अध्यक्षांच्या घरासमोर गेले. मी ऑफिसातून येताना गर्दीत अडकलो होतो. घोषणा फुटबॉलच्या नव्हत्याच, एका माणसाला काढा एवढंच म्हणणं होतं. ३१ ऑक्टोबरला ब्रँडन यांनी राजीनामा दिला. नंतर ते खेळणी विकणाऱ्या मोठ्या कंपनीचे प्रमुख झाले, आणि विद्यार्थ्यांच्या तिकिटांचे दर खाली आले.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते त्या मुलांना कुठे जायचं ते ठाऊक होतं, हे. ए.डी.ला अध्यक्ष नेमतो. अध्यक्षाला आठ रीजंट नेमतात. आणि रीजंट? त्यांना मिशिगन राज्याचे मतदार निवडतात, आठ वर्षांसाठी. उमेदवार पक्षांच्या अधिवेशनात ठरतात. दर दोन वर्षांनी माझ्या मतपत्रिकेवर गव्हर्नर-सिनेटरच्या बरंच खाली दोन रीजंटच्या जागा असतात आणि शिक्का मारताना मी दर वेळी आठवून बघतो की हे लोक कोण. म्हणजे दादा, राजकारण आहेच. पक्षाचं, निवडणुकीचं, अगदी रीतसर. फक्त ते खुर्चीवर बसलेलं नाही, खुर्चीच्या वर आहे. रीजंटांच्या बैठकीत नाव नोंदवून कुणीही बोलू शकतो, ए.डी.चा पगार कुणीही वाचू शकतो.

राजकारणी खेळात आले की वाटोळंच होतं, हेही आपलं एक ठरलेलं वाक्य. ब्रेबॉर्नवर तिकिटांच्या वाट्यावरून अपमान झाला म्हणून शेषराव वानखेडे या राजकारण्याने जिद्दीने स्टेडियम बांधून घेतलं आणि १९७५च्या जानेवारीत तिथे कसोटी खेळवली. त्यांच्या जागी एखादा माजी खेळाडू असता तर ते झालं असतं का, मला शंका आहे. उलट माजी खेळाडू बसवले की कारभार सुधारतो म्हणावं, तर योस्ट आणि बो हे त्यांच्या काळातले देवच होते. देवाला जाब कोण विचारणार?

नव्या कायद्यात महासंघाच्या जास्तीत जास्त पंधरा जणांच्या कार्यकारिणीत किमान चार महिला आणि दोन नामवंत खेळाडू हवेत, न्यायाधिकरण आहे, हे चांगलंच. पण माहिती अधिकार कुणाला लागू, तर सरकारी पैसा किंवा मदत घेणाऱ्यांना. सगळ्यात श्रीमंत मंडळाच्या हिशेबाभोवतीची भिंत जशीच्या तशी उभी. टीव्हीवर त्या आठवड्यात वयोमर्यादेवर तासभर भांडण झालं, यावर पाच मिनिटं.

इथलं सगळं मार्गी लागलंय असं नाही. २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. आता कुठला संघ बंद पडेल, याची धास्ती पोहणाऱ्या आणि कुस्ती खेळणाऱ्या पोरांना आहे. आजींना खेळाडूंना पैसे देणं पटलेलं नाही. मला पटलंय, त्यावरून गुलाबाच्या झुडपापाशी आमचा वाद चालू असतो.

दादाला हे सगळं सांगायला मी पुढच्या रविवारी फोन केला, तर तो बाजारात गेला होता. पुतण्याने उचलला. सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, व्हॉलीबॉल खेळतो. म्हटलं, तुझ्या फीच्या पावतीवर जिमखाना शुल्क असतं ना? फोटो पाठव. असतंच. माझ्याही पावतीवर असायचं, आणि आम्ही नेट स्वतःच वर्गणी काढून आणायचो. हे पैसे कुठे जातात, विचारलंस कधी?

"काका, असं कुणी विचारतं का?"

चार दिवसांनी त्याचाच मेसेज आला. ऑफिसात विचारलं होतं म्हणे. क्लार्क म्हणाले, लेखी द्या. त्याने पानभर अर्ज लिहिलाय, टीमच्या नऊ जणांच्या सह्या घेतल्यात. फोटोत बघितलं, अक्षर चांगलं आहे. वरची ओळ तेवढी कोरी सोडलीय आणि खाली मला विचारलंय: "काका, 'प्रति'च्या पुढे कुणाचं नाव घालू?"